मागून आणलेली गाडी

जालन्यात गाडी मागायला फार प्रस्तावना लागत नाही. "उद्या गाडी रिकामी हाय का? आईला संभाजीनगरला दाखवायचंय," एवढे म्हटले की समोरचा खिशातून चावी काढतो, फार तर "डिझेल तेवढं बघून घे" म्हणतो. साठेक किलोमीटरवरचे घाटी रुग्णालय, अंगारकीला राजूरचा गणपती, ऐन लग्नसराईत परतूरचे नाहीतर मंठ्याचे लग्न, पोराला कॉलेजसाठी पुण्याला सोडायचे. कारणे अशी की नाही म्हणायला जीभ रेटत नाही. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात घरोघरी चारचाकी नसली तरी गल्लीत एखादी असतेच, आणि ती गल्लीच्याच मालकीची असल्यासारखी फिरते. आज साडूकडे, उद्या दाजींकडे, परवा शाळेतल्या मित्राकडे. जो देत नाही त्याच्याबद्दल "लई मोठा झाला" असे मागून बोलले जाते.

या देवघेवीत दोन्हीकडे एकेक ठाम समज असतो. नेणाऱ्याला वाटते, गाडी त्याची, विमा त्याचा. काही झालेच तर कंपनी बघेल. देणाऱ्याला वाटते, चालवणार तो. काही झालेच तर तोच निस्तरेल. कायद्याला दोघांचेही म्हणणे मान्य नाही. रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसाचे नुकसान झाले तर भरपाईसाठी मालकाला उभे राहावे लागते. आणि चालवणाऱ्याला स्वतःलाच काही झाले तर न्यायालय त्याला मालकाच्या जागी धरते. मात्र मालकाला विम्यातून जे मिळाले असते ते त्याला मिळेलच असे नाही.

यातले चालवणाऱ्याबद्दलचे वाक्य पचायला जड आहे. ते ज्या निकालांतून आले त्यातला एक कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातला आहे. इरकली लुगड्यांमुळे मराठी घरांना ठाऊक असलेल्या इळकलहून एक जण गुडूर या आपल्या गावी निघाला होता. बुडाखाली हिरो होंडा, तीही दुसऱ्याची मागून आणलेली. पुढे लोखंडी पत्रे लादलेली बैलगाडी चालली होती. ती अचानक थांबली आणि मोटारसायकल मागून आदळली. तो गेला. घरच्यांनी मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि मे २००९ मध्ये न्यायालयाने सांगितले की, ज्याने मालकाकडून गाडी मागून घेतली तो त्या वेळेपुरता मालकाच्याच भूमिकेत शिरतो. चूक कोणाची हे न पाहता भरपाई देणारे तेव्हाचे कलम १६३-अ मालकाला स्वतःसाठी वापरता येत नाही, म्हणून मागून नेणाऱ्याच्या वारसांनाही ते वापरता येणार नाही. औद्योगिक वसाहतीतून सळया भरून निघालेल्या ट्रकमागे ज्यांनी रात्री जालना-संभाजीनगर रस्ता कापला आहे, त्यांना ती बैलगाडी डोळ्यांपुढे आणायला फार कष्ट पडणार नाहीत.

कारचे उदाहरण हवे असेल तर तेही कर्नाटकातलेच आहे. १८ जून २०१४ रोजी एक कंत्राटदार वडील, बहीण आणि तिची मुले यांना घेऊन मल्लसंद्रहून अरसीकेरेकडे फियाट लिनिया चालवत निघाला. गाडी त्याची नव्हती, मागून आणलेली होती. वेगात ताबा सुटला, गाडी उलटली, चालवणारा मरण पावला. कुटुंबाने ८० लाखांची मागणी केली. उच्च न्यायालयाने नकार दिला: अपघात त्याच्याच बेदरकारपणाने झाला, आणि मागून आणलेल्या गाडीवर तो मालकाच्याच जागी होता. २ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही हा निकाल बदलायला नकार दिला.

तिसरे प्रकरण राजस्थानातले, आणि त्यातला धडा वकिलाकडे जाण्याआधीच माहीत असावा असा. २००६ मध्ये दोन मोटारसायकलींची धडक झाली. मागून आणलेल्या मोटारसायकलवरचा माणूस दगावला. पोलिसांच्या नोंदीत चूक समोरच्या मोटारसायकलची होती. पण घरच्यांनी दावा लावला तो फक्त आपल्या माणसाने मागून आणलेल्या गाडीच्या मालकावर आणि तिच्या विमा कंपनीवर. समोरच्याला सोडूनच दिले. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दावा टिकत नाही असे म्हटले आणि पॉलिसीतल्या वैयक्तिक अपघात कलमाखालचा एक लाख तेवढा व्याजासह मंजूर केला. तेव्हा समोरच्या वाहनाची चूक असेल तर दावा त्या वाहनाचा चालक, मालक आणि विमा कंपनी यांच्यावर लावायचा. जालना जिल्ह्यातल्या अपघाताचा दावा जिल्हा न्यायालयातल्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लावता येतो. १ एप्रिल २०२२ पासून त्याला सहा महिन्यांची मुदत घातली गेली. त्या मुदतीवर न्यायालयात वाद चालू आहे, पण म्हणून सातव्या महिन्याची वाट बघण्यात शहाणपण नाही.

न्यायालयांची ही भूमिका कायमची ठरलेली आहे, असेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींनी कलम १६३-अ चा असा अर्थ लावण्याबद्दल शंका घेतली आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपवला. तिथे काही वेगळे ठरेल या भरवशावर कोणी चावी घेऊ नये, एवढेच.

आता पॉलिसीचा कागद. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डच्या कप्प्यात पीयूसी, टोलच्या पावत्या आणि कसल्याशा अंगाऱ्याच्या पुडीखाली असतो आणि वर्षभर कोणी उलगडत नाही. त्यात 'मालक-चालक वैयक्तिक अपघात' असा एक रकाना असतो. २०१८ पासून ही रक्कम १५ लाख आहे. आकडा बघून गाडी नेणाऱ्याला धीर येतो, पण शब्द नीट वाचावेत: मालक-चालक. ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली, ज्याच्या नावावर पॉलिसी आणि ज्याच्याकडे वैध लायसन, त्या माणसासाठी हे कवच आहे. मित्र, मेहुणा, साडू यांना त्यावर हक्क सांगायला कोर्टातच भांडावे लागते. राजस्थानच्या प्रकरणात जो एक लाख मिळाला तो तसाच, चौदा वर्षांनी.

म्हणून जो दुसऱ्यांच्या गाड्या वरचेवर चालवतो त्याने स्वतःच्या नावाचे अपघात कवच स्वतः घ्यावे. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वयाच्या बँक खातेदाराच्या खात्यातून वर्षाला २० रुपये जातात आणि अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. गाडी कोणाची हा प्रश्न तिथे येत नाही. शेतकरी कुटुंबाला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून दोन लाखांपर्यंत मदत मिळू शकते. अर्ज अपघातानंतर लवकर, तीस दिवसांच्या आत करायचा असतो, आणि मृत व्यक्तीच गाडी चालवत असेल तर तिच्या लायसनची प्रत मागितली जाते. लायसन नसलेल्या माणसाच्या घरच्यांचे इथेही अडते. मोठे कवच हवे असेल तर विमा कंपन्या वैयक्तिक अपघाताची स्वतंत्र पॉलिसी विकतात; १५ लाखांची अशी पॉलिसी असली की स्वतःच्या गाडीसोबत ती पुन्हा विकत घ्यावी लागत नाही.

मागच्या सीटवर बसलेल्यांचा विचार तर कोणीच करत नाही. लोक 'विमा आहे' म्हणतात तेव्हा विमा कोणता, हे विचारावे. नुसता थर्ड पार्टी असेल तर रस्त्यावरच्या माणसाला झालेली इजा त्यात येते, पण खासगी गाडीत फुकट बसलेले प्रवासी त्यात येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितले आहे. फुल्ल, म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर आत बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येते. आता जिल्ह्यातली जुनी गाडी डोळ्यांपुढे आणा: दहा-बारा वर्षे झालेली, मालकाने पैसे वाचवायला फुल्ल विमा सोडून थर्ड पार्टीवर आणलेली. नेमकी हीच गाडी तो बिनदिक्कत देतो, कारण तिच्यावर ओरखडा पडला तरी त्याला दुःख नसते. आणि हिच्यातच आई, मावशी, दोन लेकरे आणि लग्नाचा आहेर कोंबून वऱ्हाड निघते. नवी गाडी मागताना संकोच आणि जुनी मागताना निर्धास्तपणा, हे विम्याच्या हिशेबाने अगदी उलटे आहे.

गाडीचा नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला की विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे ते दिसते. प्रकार मात्र पॉलिसीच वाचून कळतो. कागदावर 'लायबिलिटी ओन्ली' लिहिले असेल तर तो नुसता थर्ड पार्टी. मालकाला पॉलिसीचा फोटो व्हॉट्सॲपवर मागायला लाजू नये. चावी मागायला जो लाजला नाही, त्याने फोटोला लाजण्याचे कारण नाही.

देणाऱ्याकडे वळले की पहिला प्रश्न लायसनचा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५ मालकावर बंधन घालते: लायसन नसलेल्याला गाडी चालवू द्यायची नाही. दिली तर कलम १८० खाली पाच हजार दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. चालवणाऱ्याला कलम १८१ खाली वेगळे. मुदत संपल्यावर जुन्या कायद्यात मिळणारी तीस दिवसांची सवलत २०१९ च्या दुरुस्तीने गेली. मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लायसन संपलेलेच. खरा फटका दंडाचा नाहीच. लायसन नसलेल्याच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनी आधी जखमीला किंवा मृताच्या वारसांना पैसे देते आणि मग तेच पैसे मालकाकडून वसूल करायला येते. २००४ च्या एका निकालापासून हा रस्ता पक्का झाला आहे. त्याच निकालात मालकासाठी एक वाटही आहे: मालकाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने अट मोडली, हे कंपनीला सिद्ध करावे लागते. ज्याने चावी देण्याआधी लायसन डोळ्यांनी पाहिले, त्याचा फोटो ठेवला, त्याच्या बाजूने बोलायला काहीतरी असते. "तो वर्षानुवर्षे चालवतोय की," हे कोर्टात चालत नाही.

अल्पवयीन मुलाचे प्रकरण आणखी कडक. मित्राने गाडी नेली आणि गावाकडच्या मोकळ्या रस्त्यावर सतरा वर्षांच्या पोराच्या हाती दिली. कलम १९९-अ म्हणते की पालक किंवा गाडीमालक दोषी धरले जातील: २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. माझ्या नकळत झाले, हे मालकालाच शाबीत करावे लागते. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला नोंदणी न झालेल्या पोर्शेने दोन तरुण अभियंत्यांना उडवले, तेव्हा गाडी घरचीच होती, चालवणारा सतरा वर्षांचा आणि पोलिसांनी गुन्हा वडिलांवरही नोंदवला. घरच्या ड्रायव्हरने दोष अंगावर घ्यावा म्हणून त्याला डांबून ठेवल्याच्या आरोपाचा आणखी एक गुन्हा त्यातून उभा राहिला. 'गाडी कोण चालवत होते' याचे उत्तर बदलण्याचा मोह छोट्या गावात अधिक होतो, कारण सगळे ओळखीचे असतात. मित्राचे लायसन नाही, मग मालकच म्हणतो, मीच चालवत होतो. मोबाइलचे लोकेशन, टोलनाक्याचा कॅमेरा आणि जखमीचा जबाब यांपुढे ते टिकत नाही, आणि दंडाच्या जागी खोटेपणाचा गुन्हा येतो.

गाडी कोणाच्या हाती होती हे विचारले की मालकाला सांगावेच लागते. कलम १३३ तसे बजावते. तोंडी देवघेवीत हे उत्तर किती लांब जाऊ शकते याचे टोकाचे उदाहरण मुंबईतले आहे. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी अंबानींच्या अँटिलिया इमारतीजवळ जिलेटिनच्या कांड्या असलेली स्कॉर्पिओ सापडली. ती ठाण्यातल्या एका व्यापाऱ्याच्या ताब्यातली, आणि नोंदणी तिसऱ्याच माणसाच्या नावावर; त्याच्याकडून पैसे येणे होते म्हणून गाडी व्यापाऱ्याकडे राहिली होती. व्यापाऱ्याच्या पत्नीच्या म्हणण्यानुसार त्याआधी काही महिने ती गाडी ओळखीतल्या एका पोलीस अधिकाऱ्याकडे वापरायला होती. गाडी चोरीला गेल्याची तक्रार झाली, मग ती स्फोटकांसह सापडली आणि ५ मार्चला त्या व्यापाऱ्याचा मृतदेह मुंब्र्याच्या खाडीत मिळाला. खटल्यात काय सिद्ध होईल ते होवो. कागदावर एक, ताब्यात दुसरा आणि वापरात तिसरा असलेल्या गाड्या जालन्यातही काही कमी नाहीत.

तशी गाडी पुढे देण्याआधी २०१८ चा एक निकाल वाचण्यासारखा आहे. एक मारुती ८०० मालकाने २००७ मध्ये विकली. ती दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, तिसऱ्याकडून चौथ्याकडे गेली. नाव कोणीच बदलले नाही. २००९ मध्ये रिव्हर्स घेताना तिने रस्त्याने चाललेल्या बाईला आणि तिच्या भाच्याला धडक दिली, भाचा गेला. सर्वोच्च न्यायालयाने भरपाई कोणावर बसवली? ज्याचे नाव आरसीवर शिल्लक होते त्याच्यावर. मागून आणणाऱ्याच्या बाजूनेही हे महत्त्वाचे आहे: आरसीवरचे नाव आणि चावी देणाऱ्याचे नाव वेगळे असेल तर ती गाडी नेऊच नये.

अपघातानंतर पोलीस गाडी जप्त करतात, आरटीओचा निरीक्षक तपासतो, आणि ती ठाण्याच्या आवारात मुद्देमाल म्हणून उभी राहते. ती सोडवायला कोर्टात अर्ज करून सुपूर्दनामा लिहून द्यावा लागतो, आणि हे काम नोंदणीकृत मालकाचे आहे. मित्राने शिर्डीला जाताना धडक दिली असेल तर हेलपाटे घालायला भोकरदनचा मालक तिकडच्या कोर्टात जाणार. ही गोष्ट चावी घेताना कोणाच्या मनात नसते, म्हणून गाडी नेणाऱ्याने वकिलाचा आणि येण्याजाण्याचा खर्च आपला, हे न विचारता मान्य करावे.

पैशाचा हिशेब बारीक आहे आणि मैत्रीत खटका उडतो तो इथेच. राजूरहून परत येताना बंपर फुटला, गॅरेजवाल्याने बारा हजार सांगितले. "अरे, क्लेम कर ना, तुझे काय जातेय?" मालकाचे जाते ते असे. पाच वर्षे क्लेम न करणाऱ्याला प्रीमियमच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो. क्लेम केला की तो शून्यावर येतो आणि पुढे २०, २५, ३५, ४५ असा पुन्हा चढतो. तो भाग वर्षाला १२ हजार धरला तर पहिल्या नूतनीकरणाला सहा हजार जास्त, मग ३,६००, मग ३,०००, मग १,८००, मग ६००. एकूण १५ हजार. शिवाय झिरो डेप नसेल तर प्लास्टिकच्या भागांचे निम्मेच पैसे कंपनी देते, आणि प्रत्येक क्लेमला १५०० सीसीपर्यंत हजार, त्यापुढच्या गाडीला दोन हजार मालकाने सोसायचे. बारा हजारांचा बंपर रोखीने बदलून देणे नेणाऱ्याला शोभते आणि मालकाला परवडते. मोठे नुकसान असेल तर क्लेम मालकाने करावा. बोनस आणि कपातीचा फरक नेणाऱ्याने भरावा.

फास्टॅगचे पैसेही मालकाच्याच खात्यातून जातात. समृद्धी महामार्गावर हा आकडा लहान नसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय महामार्गांसाठी वार्षिक पास आला; तेव्हा तो तीन हजारांचा होता. तो २०० फेऱ्यांचा असतो आणि समृद्धीला चालत नाही, कारण तो रस्ता राज्याच्या महामंडळाचा आहे. मित्राच्या गाडीवर पास असेल तर प्रत्येक नाक्यावर त्याच्या फेऱ्या कमी होतात. निघण्याआधीच तेवढी रक्कम त्याला पाठवून द्यावी, परत आल्यावर "किती झाले?" असे विचारले की मराठवाड्यातला माणूस "राहू दे रे" म्हणतो, आणि मनात ठेवतो.

डिझेल-पेट्रोलचे पैसे देणे ठीक. किलोमीटरमागे दर ठरवून पांढऱ्या पाटीची गाडी देणे-घेणे हे मात्र वेगळे प्रकरण आहे. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर वगळलेला असतो आणि परमिटशिवाय भाडे मारणे कलम १९२-अ खाली येते. लग्नसराईत 'घरचीच गाडी, ड्रायव्हर तेवढा तुमचा' असे जे सौदे होतात त्यात अपघात झाला तर पहिला प्रश्न भाड्याचाच विचारला जातो. शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून ट्रॉलीत वऱ्हाड नेण्याचीही तीच गत: तो विमा शेतीकामाचा, ट्रॉलीतल्या माणसांचा नव्हे.

आता प्रत्यक्ष गाडी. अनोळखी गाडीवर चुका पहिल्या अर्ध्या तासात होतात, म्हणून चावी घेऊन थेट निधोन्याच्या इंटरचेंजवरून समृद्धीवर चढू नये. आधी गावातच चार वळणे घ्यावीत: ब्रेक कुठे धरतो, क्लच किती वर सुटतो, वायपर आणि डिपर कुठल्या दांडीवर आहेत. ऑटोमॅटिक गाडीत डाव्या पायाला काम नसते, पण क्लचची सवय असलेला पाय ब्रेकवर जातोच. इंधनाच्या झाकणावर पेट्रोल लिहिले आहे की डिझेल, ते स्वतः वाचावे. पंपावरच्या पोराने चुकीची नळी घातली आणि गाडी सुरू केली तर तो खर्च विम्यात सहसा बसत नाही.

टायर बघणे सगळ्यात महत्त्वाचे, कारण गावात चाळीसने फिरणारी गाडी समृद्धीच्या काँक्रीटवर १२० ची मर्यादा गाठायला निघते. घासलेल्या टायरांच्या गाड्या आरटीओने या महामार्गाच्या तोंडावरून परत पाठवल्या आहेत. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना डिक्कीत आहेत का, तेही बघावे. वाट चुकली तर पुढच्या इंटरचेंजपर्यंत जावे. जून २०२४ मध्ये कडवंचीजवळ इंधन भरून उलट्या दिशेने महामार्गावर आलेली कार मुंबईकडे निघालेल्या एर्टिगावर आदळली आणि दोन्ही गाड्यांतली माणसे गेली. आतले रस्तेही निर्धास्त नाहीत: त्याच वर्षी जुलैत पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची जीप राजूर रस्त्यावर तुपेवाडीजवळ कडेच्या विहिरीत गेली आणि सात जण दगावले. पावसाळ्यात दुधनेच्या किंवा कुंडलिकेच्या पुलावर पाणी असेल तर थांबावे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून इंजिनात पाणी ओढले गेले, तर साध्या पॉलिसीत इंजिनचा खर्च मिळत नाही. त्याला इंजिन प्रोटेक्टर लागतो.

काही घडलेच तर कलम १३४ प्रमाणे जखमीला आधी दवाखान्यात पोहोचवायचे, ११२ किंवा १०८ ला फोन करायचा आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळवायचे. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार रोख पैसे न भरता देण्याची केंद्राची योजना लागू आहे, हे दवाखान्यात आठवणीने सांगावे. दुसरा फोन मालकाला. बरेच जण हा फोन गॅरेजवाल्यानंतर करतात, आणि तोवर गाडी हललेली असते, फोटो नसतात, कंपनीला कळवायला उशीर झालेला असतो. जागेवर सेटलमेंट करून पाच-दहा हजार हातावर टेकवणे हा सोपा मार्ग वाटतो, पण महिनाभराने तक्रार आली तर ती मालकाच्या नावाने येते आणि त्याला घटनाच माहीत नसते.

परत देताना गाडी दिवसाउजेडी द्यावी, मालकासमोर एक चक्कर मारून. नेतानाच चारही बाजूंचा व्हिडिओ काढला असेल तर 'हा ओरखडा आधीचा की आत्ताचा' हा विषय निघत नाही. तेल होते तेवढे किंवा थोडे जास्त, कागद कप्प्यात होते तसे, सीट मालकाच्या मापावर मागे. आणि आरसीचा फोटो मोबाइलमधून लगेच पुसू नये. समृद्धीवरच्या कॅमेऱ्याचे चलान मालकाच्या मोबाइलवर काही दिवसांनी येते. त्याचा नंबर आरटीओकडे जुनाच नोंदलेला असेल तर येतही नाही, आणि पुढे लोकअदालतीची नोटीसच घरी येते. वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चासीचे शेवटचे चार आकडे टाकले की बाकी दिसते. ते चार आकडे आरसीवर असतात. पंधरा-वीस दिवसांनी एकदा बघावे, आपल्या तारखेचे चलान असेल तर तिथेच भरावे आणि पावती मालकाला पाठवावी.